ट्रंकेवरचा नंबर

बँकेतल्या मुलीनं "आजोबा, नंबर सांगा" म्हटलं, की माझे सासरे मोबाइलचा सोडून भलताच नंबर घडाघडा म्हणून दाखवतात. मोबाइलचा त्यांना अजून पाठ नाही. तो मी सांगायचा. फौजेत ओळख सांगताना आधी स्वतःचा नंबर, मग रँक, नाव सगळ्यात शेवटी. जिभेला तेच वळण पडलंय.

देवळाली कॅम्पजवळच्या आमच्या घरात त्यांची काळी ट्रंक आहे. आता तिच्यात गोधड्या असतात. झाकणावर पांढऱ्या रंगात दोन ओळी. वरची नुसत्या आकड्यांची, एका रेघेनं खोडलेली. खालची 'जेसी'नं सुरू होणारी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ट्रंक आधी दुसऱ्या कुणाची असणार.

"दोन्ही मीच," बाबा म्हणाले.

वरचा भरतीचा. तोफखान्यातल्या गनरपासून हवालदारापर्यंत तोच चालला. नायब सुभेदार, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर झाले, तेव्हा खालचा 'जेसी'वाला मिळाला. त्या खोडलेल्या रेघेच्या दिवशी पेढे वाटले होते, असं सासूबाई सांगतात.

तेव्हापासून मला नंबर वाचायचा नादच लागला. परमवीरचक्राचे दोन मानकरी, 1965 चे अब्दुल हमीद आणि 1999 चे योगेंद्रसिंह यादव. दोघांचेही नंबर 26 नं सुरू होतात, कारण दोघेही ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे. अधिकाऱ्यांच्या नंबराआधी बहुतेकदा 'आयसी' असतं. 1947 च्या काश्मीर लढाईतल्या मेजर सोमनाथ शर्मांचा आयसी 521, कारगिलच्या कॅप्टन विक्रम बत्रांचा 57556. मधे किती जण अधिकारी होऊन गेले, ते नुसत्या आकड्यांवरून अंगावर येतं! नंबराच्या शेपटीला एक अक्षरही असतं. ते आकड्यांच्याच गणितातून निघतं. लिहिताना एखादा आकडा चुकला की अक्षर जुळत नाही.

तोफखान्याच्या जवानांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच, नाशिकरोड कॅम्पला. पेन्शनचं काही विचारायचं तर पत्रात पहिली ओळ नंबराची. "नावानं काय शोधणार गं? पाटील आणि शिंदे किती असतील तिथं!" इति बाबा.

गेल्या दिवाळीत ट्रंकेला गंज चढला म्हणून पेंटर बोलावला. बाबा खुर्ची टाकून शेजारीच बसले. "सगळी रंगव, तेवढं सोड." पेंटर म्हणाला, निदान खोडलेलं तरी पुसू द्या, वाईट दिसतं. बाबांनी नुसती मान हलवली.

आता ट्रंक हिरवीगार आहे, आणि झाकणावर वीतभर काळा चौकोन.