तिसावं ठाणं पाण्यात

सायगोकु ही जपानमधली सगळ्यात जुनी वारी मानतात. कान्नोनची, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची, ३३ देवळं आणि साधारण १००० किलोमीटरची वाट. परंपरा तिची सुरुवात ७१८ सालापर्यंत मागे नेते. आता बहुतेक भाविक बसनं किंवा गाडीनं फिरतात. मी जमेल तसे टप्पे पायी करतेय. या ३३ मधल्या एका देवळाला मात्र कितीही चाललं तरी पायी पोचता येत नाही. तिसावं होगोन्जी हे बिवा सरोवरातल्या चिकुबुशिमा बेटावर आहे.

एकोणतिसाव्या मात्सुनोओदेराहून उतरून वाकासाचा किनारा धरला, ओबामा नावाच्या शहरापाशी समुद्र सोडला आणि इमाझुच्या जुन्या रस्त्याला लागले. कुरिहान काइदो म्हणतात त्याला, साडेनऊ रीची वाट. एक री म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर. मध्ये कुमागावा हे मुक्कामाचं जुनं गाव लागतं. रस्त्याच्या कडेनं खळाळता पाट वाहतो, त्यात पाय सोडून बसायचा मोह आवरला नाही. पुढे ३०३ क्रमांकाच्या महामार्गाची सोबत आहे. तिथं ट्रक बाजूनं घोंगावत जातात. भक्तिभाव वगैरे काही सुचत नाही, फक्त पांढरी पट्टी बघत चालायचं.

इमाझुहून बोट अर्ध्या तासाच्या आत बेटावर नेते. घेर जेमतेम दोन किलोमीटर. माथा समुद्रसपाटीपासून १९७ मीटर, पण सरोवराचं पाणीच ८५ मीटरच्या आसपास असल्यामुळे डोळ्यांना ११० मीटरचा डोंगर दिसतो. आणि बेटाच्या पश्चिमेला सरोवराची खोली १०० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे जेवढं वर, जवळपास तेवढंच खाली. सगळा ग्रॅनाइट, कडे सरळ पाण्यात उतरलेले. शेती करायला सपाट जागा नाही, म्हणून गाव वसलं नाही आणि रान टिकलं. आजही इथं कोणी राहत नाही. पुजारी आणि दुकानदार रोज सकाळी बोटीनं येतात, संध्याकाळी परत जातात.

धक्क्यावरून वर १६५ दगडी पायऱ्या, चांगल्याच उभ्या. वर बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. जपानात तिच्या हातात बहुधा बिवा असते, वीणेसारखं तंतुवाद्य. देवळाची स्थापना ७२४ सालची सांगतात, सम्राट शोमुच्या आज्ञेवरून भिक्षू ग्योकीनं केलेली. बेन्झाइतेनची मुख्य मूर्ती ६० वर्षांतून एकदाच दर्शनाला उघडतात, पुढची वेळ २०३७. बंद दारापुढे हात जोडले आणि कान्नोनच्या देवळाकडे वळले.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती तिथल्या कारामोन दरवाजापाशी. काळं लाखकाम, त्यावर सोन्या-रंगांतली फुलं आणि पक्षी. सोळाव्या शतकात जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीच्या ओसाका किल्ल्यावरच्या गोकुराकु पुलाचा हा भाग असल्याचं अभ्यासक मानतात. हिदेयोशी वारल्यावर तो आधी क्योतोला त्याच्या समाधीपाशी गेला आणि मग १६०२ च्या सुमारास मुलानं, हिदेयोरीनं, इथं हलवला. १६१५ मध्ये ओसाका पडलं, जळलं, हिदेयोरीही संपला. घराण्याच्या वैभवाचा हा तुकडा वाचला तो केवळ बेटावर आला म्हणून. दरवाजाच्या पुढची लाकडी ओसरी हिदेयोशीच्या जहाजाच्या लाकडांची, असं सांगतात. खालून पाहिलं की कळतं, ती उतारावर उंच खांबांवर तोललेली आहे.

ही ओसरी थेट त्सुकुबुसुमा या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात जाते. मेइजी सरकारनं १८६८ मध्ये बुद्ध आणि कामी (शिंतो देव) वेगळे करायचा हुकूम काढला, तेव्हा बेन्झाइतेनचं जुनं मंदिर शिंतोकडे गेलं. तिला नवं मंदिर मिळायला १९४२ उजाडलं. कागदोपत्री दोन संस्था झाल्या, पण ओसरी कोणी तोडली नाही, आणि लोक एकाच फेरीत दोन्हीकडे हात जोडतात. मला हे बरं वाटलं.

टोकाला ड्रॅगनदेवाचं स्थान. मातीच्या दोन बशा मिळतात. एकीवर नाव, दुसरीवर इच्छा लिहायची आणि खालच्या तोरीमधून, म्हणजे शिंतो देवळापुढच्या कमानीतून, जाईल अशी फेकायची. तोरीभोवतीची जमीन खापऱ्यांनी भरून गेलीय. माझ्या बशा तोरीपर्यंतही गेल्या नाहीत. शेजारच्या आजोबांची नेमकी मधून गेली. त्यांनी टाळी वाजवली, आणि आम्हीही.

रानाची मात्र एक वेगळी कथा आहे. पाणकावळ्यांनी इथं प्रचंड वसाहत केली. विष्ठेनं आणि घरट्यांसाठी फांद्या मोडल्यानं ताबुनोकी नावाची सदाहरित झाडं उभीच्या उभी वाळली. शेवटी नेमबाज लावून संख्या कमी करावी लागली. आता हिरवं परत धरतंय, पण मध्येमध्ये पांढरे सांगाडे दिसतातच. देवाच्या बेटावर बंदुका, हे ऐकायला बरं वाटत नाही; पण ती झाडं पाहिल्यावर मी तरी वाद घालणार नाही.

पूर्वी वारकरी इथूनच होडीनं एकतिसाव्या चोमेइजीला जात. मी नागाहामाची बोट धरली, पुढे किनाऱ्यानं दक्षिणेकडे चालायचं आहे. चोमेइजीच्या पायऱ्या ८०८ आहेत, म्हणून नागाहामाला उतरल्यावर आधी गुडघ्याचा पट्टा घेतला.