विमा खाटेचा, आजार घरचा

आमवाताचे निदान झाले तेव्हा, म्हणजे २०१४ साली, मी डॉक्टरांना विचारले होते की हा बरा केव्हा होईल. औषध आता सोबतच राहील, असे ते शांतपणे म्हणाले. त्या उत्तराचा पैशांतला अर्थ मला उमगला तो तीन महिन्यांनी, मेडिकलच्या बिलांची चळत मांडून बेरीज केली तेव्हा.

माझी आई विड्या वळत असे. सोलापुरात विडीची मजुरी हजारावर मोजतात, त्यामुळे बोट दुखले की घरात येणारा पैसा थांबतो हे गणित मला लहानपणापासून पाठ होते. मी शाळेच्या कार्यालयात लेखनिक आहे. सकाळी बोटे वळली नाहीत तरी माझा पगार चालू राहतो. आम्हा दोघींच्या नशिबांत फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

माझ्या आजाराचा खर्च कसा होतो ते सांगते. मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायच्या असतात आणि त्यांच्यासोबत फॉलिक आम्ल लागते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज चालू असते, म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, शिवाय दर तीन महिन्यांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी असते. यांतल्या कशासाठीही रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही, आणि सर्वसाधारण आरोग्य विमा पैसे देतो ते प्रामुख्याने दाखल झाल्यावर. अकरा वर्षांत मी एकदाच, न्यूमोनियामुळे, पाच दिवस खाटेवर होते. बाकी सगळा आजार घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या डब्यात असतो.

तरीही २०१९ च्या डिसेंबरात मी पॉलिसी घेतली, कारण ते पाच दिवस पुन्हा कधीही येऊ शकतात. अर्जात पूर्वीपासूनच्या आजारांचा रकाना आला तेव्हा एजंट म्हणाले, "एवढं सगळं कशाला लिहिता ताई? 'नाही' लिहा, हप्ताही कमी बसेल." मी 'होय' लिहिले. पहिल्या कंपनीने अर्ज नाकारला. दुसरीने वाढीव हप्ता लावून आणि आमवाताशी संबंधित खर्चासाठी चार वर्षांची प्रतीक्षा घालून मला पदरात घेतले. आजार लपवला असता तर क्लेमच्या वेळी जुनी कागदपत्रे मागवून कंपनीला हात वर करता आले असते. सलग काही वर्षे पॉलिसी चालू राहिली की लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही, आणि ही मुदत २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाचवर आली हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाल्यास ते संरक्षणही उरत नाही. त्याच वर्षी विमा नियामकाने पूर्वीपासूनच्या आजारांच्या प्रतीक्षेची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली. मला ते कळले तेव्हा माझे ४८ महिने भोगून झाले होते!

माझा भाऊ अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याच्या पगारातून राज्य कामगार विम्यासाठी ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्याला रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्याही त्यातूनच मिळतात. घरच्या आजाराची दखल घेणारा विमा मला आमच्या नात्यात एवढाच दिसला. मात्र त्यासाठी मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंतच असावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, पण तीही मुख्यतः ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी दाखल होणाऱ्यांची.

म्हणून मी हप्ता आणि औषधे यांचे हिशेब वेगळे ठेवले आहेत. हप्त्यासाठी दरमहा बाराव्या हिश्श्याची रक्कम बाजूला पडते; २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर गेल्यामुळे ती थोडी हलकी झाली. औषधांच्या बाजूला फॉलिक आम्ल आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मी जनऔषधी केंद्रातून घेते, मेथोट्रेक्झेट मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्याच कंपनीचे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सलाइनमधून द्यायच्या एका जैविक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या, औषधाचा विषय काढला. असे औषध एका दिवसात देऊन घरी सोडतात. माझ्या पॉलिसीत ते बसते, पण विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच, आणि दुसरी मात्रा त्याच वर्षात आली तर काय, हे कागदावर स्पष्ट नाही. फोनवर कंपनीच्या मुलीने "हो मॅडम, मिळेल" असे सांगितले. मी तेच विचारणारा ईमेल पाठवला असून लेखी उत्तराची वाट पाहत आहे.