चक, रॉकेल आणि जुना टूथब्रश

जुन्या विद्यार्थ्यांनी मनोगत लिहून द्या असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं आपण काय लिहिणार, नंबर कधी आला नाही, स्टेजवर कधी गेलो नाही. मग आठवलं ते वर्कशॉप, आणि तो लाकूड फिरवून कातायच्या यंत्राचा, म्हणजे लेथचा, चार जबड्यांचा चक. चक म्हणजे फिरतं लाकूड जबड्यांत धरून ठेवणारा भाग, आणि त्याची मी पार वाट लावली होती.

झालं असं की चक जड फिरायला लागला होता. मी शहाणा, गपचूप त्यात ऑइलकॅन रिकामा केला. दोन दिवस एकदम मख्खन, तिसऱ्या दिवशी जबडे उघडबंद करायची चावी हलेना. सर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते काही न बोलता टेबलावर पेपर अंथरून म्हणाले, "बस इथे, उघड सगळा." लेथचा प्लग स्वतः काढला आणि गेले.

उघडला तर आत डासांच्या कॉइलसारखे गोल गोल आटे असलेली, जबडे सरकवणारी चकती, तिला स्क्रोल म्हणतात हे तेव्हा कळलं, आणि त्या आट्यांमध्ये तेलात भिजलेला भुस्सा असा दाबून बसलेला की टोचणीने उकरावा लागला. मग खिडकी उघडी टाकून रॉकेल आणि जुना टूथब्रश, दोन तास. वाळलं की ग्रॅफाइटची पूड, तीही चिमूटभर. सरांचं म्हणणं साधं होतं, तेल भुशाला धरून ठेवतं, कोरडं वंगण धरत नाही. ओलं लाकूड चढवलं असेल तर त्याच दिवशी पुसायचं, नाहीतर लाकडाच्या रसाने लोखंड काळं पडतं आणि गंजतं. कॉम्प्रेसरची हवा मारायला मात्र सक्त मनाई, भुस्सा एकतर बेअरिंगमध्ये जातो नाहीतर डोळ्यात.

खरी फजिती पुढे. जबड्यांवर १ ते ४ नंबर कोरलेले असतात आणि ते ज्यात बसतात त्या खाचांवरही, हे मी बघितलंच नाही, हाताला येतील तसे घातले. चावी फिरवली तर दोन जबडे मध्यावर पोचले आणि दोन मागेच, जणू रुसलेले! सर हसून हसून लाल. आट्याचं तोंड १ नंबरच्या खाचेत दिसलं की चकती किंचित मागे घ्यायची, पहिला जबडा दाबून धरायचा, आट्याने पकडला की मग दुसरा, असं क्रमाने. तिसऱ्या प्रयत्नात चारही नीट येऊन मिळाले.

चक परत लेथवर बसवताना स्पिंडलचे, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याचे, आटे आणि मागची बैठक पुसायचं विसरलो होतो, मग लाकूड डगडगलं आणि मी चकला शिव्या घातल्या, तो किस्सा जाऊ दे.

आता घरी माझा छोटा लेथ आहे. बाथरूममधला टूथब्रश गायब झाला की बायको कोणाला विचारत नाही, सरळ गॅरेजमध्ये येते.