नळाला निळं पाणी आलं तो दिवस

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावात मी वॉलमन आहे, म्हणजे गावाचं नळाचं पाणी सोडणं-बंद करणं माझ्याकडं. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस. रात्री पाऊस पडून गेलेला, डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं सगळ्या बागांत सकाळपासून फवारणी चालू.

टाकी तळाला गेली म्हणून साडेसातला मी मुख्य वॉल बंद केला. त्यानंतरही खालच्या आळीत दहा-पंधरा मिनिटं पाणी येतं, पाईपातलं उतरत राहतं. तेवढ्यात खालून काकींची हाक आली, "अरं, पाणी निळं कसलं येतंय?"

घागरीत बघितलं. निळसर, गढूळ. मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना, म्हणजे बोर्डो, बागांवर फवारायचं औषध. काळजात धस्स झालं. आधी पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, "कुणीही पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून टाका." मग लाईन धरून चढावर गेलो.

वरच्या शेडात तात्यांचं बॅरल होतं. पाणी उडू नये म्हणून नळाची नळी पार तळापर्यंत सोडलेली आणि तोटी उघडीच. तात्या म्हणाले, "बॅरल गळतंय वाटतं, वीतभर कमी झालंय." बॅरल गळत नव्हतं. खाली पाणी उतरताना पाईपात पोकळी झाली आणि तिनं नळीतून औषध ओढून घेतलं. नळ फक्त देतो असं आपण धरून चालतो. दाब गेला की तोच नळ ओढतो.

एक टक्का बोर्डोच्या लिटरभरात अडीच ग्रॅम तांबं असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर तांबं चालत नाही. म्हणजे एक लिटर बोर्डो सोळाशे लिटर पाणी नासवायला पुरे. पाणी उकळा नाहीतर टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाका, तांबं जात नाही. दुपारपर्यंत वॉशआऊट, म्हणजे लाईन रिकामी करायचा वॉल, उघडून लाईन धूत होतो. नमुना सांगलीच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल येईपर्यंत टँकरनं पाणी दिलं.

रात्री झोप लागली नाही. बोर्डो निळं असतं म्हणून काकींना दिसलं. दुसरी किती औषधं पाण्यात मिसळली की डोळ्यांना कळतही नाहीत!

दुसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतःच करवत आणली. नळी कापून बॅरलच्या काठापासून वीतभर वर बांधली. कनेक्शनला नॉन-रिटर्न वॉल बसवला, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल. आता फवारणीच्या दिवसांत वॉल फिरवायच्या आधी मी चढावरची सगळी शेडं बघून येतो. बुडालेली नळी दिसली, तर ती वर काढल्याशिवाय पाणी सोडत नाही.