मडक्यांचा तास

"बाई, सहावीच्या लेकरांना तुम्ही ती मडक्यातली दफनं कशाला सांगता?" हे पालकसभेत विचारून झालं, शिक्षकांच्या खोलीत झालं, परवा एका लग्नात पंगतीला बसल्याबसल्याही झालं. दरवेळी "इतिहासात आहे म्हणून" एवढं बोलून मी जिलबीकडे वळते. आता एकदा नीट सांगते.

हडप्पा शिकवायला सोपं. काटकोनात छेदणारे रस्ते, झाकलेली गटारं, 12 मीटर लांब नि 7 मीटर रुंद महास्नानगृह. मुलं पाच वैशिष्ट्ये पाठ करतात, पाच गुण घेतात. ज्याच्या दारातून उघडं गटार वाहतं तोही "सांडपाण्याची उत्तम व्यवस्था" असं सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि त्याला काहीच खटकत नाही. मला असं काहीतरी हवं होतं, ज्याची धूळ पोरांच्या चपलेला लागते.

इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यातलं. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, नदीचं पाणी वळवणारा पाट. पुढे पाऊस उणावला आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असं संशोधक सांगतात. दुष्काळ आमच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. आणि घरांच्या भुईखाली पुरलेली बाळं.

त्या वर्षी मी कुंभाराकडून दोन मडकी आणली. टेबलावर आडवी ठेवली, तोंडाला तोंड लावून. "बाळ गेलं की असं ठेवायचे. लांब नाही न्यायचे, घरातच, भुईखाली." मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग मी मोठ्या माणसांचं सांगितलं: पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. गेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा एक अंदाज. वर्ग चिडीचूप. खरं सांगते, मी स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "बाई, मग आमच्या बाळाला ओढ्यापलीकडं का नेलं?"

मला माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वी तो सलग चार दिवस आला नव्हता, तेव्हा मी त्याच्या वहीत लाल पेनानं "शाळेत नियमित यावे" असा शेरा मारला होता. आता मी म्हणाले, "हल्ली तशी पद्धत नाही." व्याख्या सांगावी त्या आवाजात. तो खाली बसला.

मधल्या सुट्टीत वर्गात डबा विसरला म्हणून परत गेले, तर तो टेबलापाशी. एका मडक्यात कोपरापर्यंत हात घातलेला. "मावलं असतं," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडली असती तर बरं झालं असतं. "बाई, पोरगं रात्री चुलीपाशी भुई उकरत बसलंवतं," एवढंच बोलली आणि पदर सावरत उभी राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, "पोर्शन पुरा करा, बाकीचं राहू द्या." दोन वर्षं मी राहू दिलं.

मग पुन्हा सुरू केलं. का, ते तुम्ही विचारता, पण तुम्हीच घरी पोरांना ममींचे व्हिडिओ लावून देता, तेव्हा नाही कुणाचं लेकरू आठवत. इजिप्तचं मरण चालतं, घोडनदीकाठचं चालत नाही. हे मी तावातावानं म्हणू शकते, म्हणतेही. पण त्या दिवशीचा तास मी मुलांसाठी घेतला की ती शांतता मिळावी म्हणून, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तेव्हाच्या मला विचारते, आधी चौकशी करायला काय झालं होतं गं? ती उलट विचारते, 46 मुलांच्या वर्गात कुणाच्याच घरात कुणी गेलेलं नाही, असं वर्ष कधी येणार होतं? आणि त्या पोराचा प्रश्न, तो दुसऱ्या कुठल्या तासाला विचारणार होता? गणिताच्या? मी गप्प बसते. तिचं पटतं म्हणून नव्हे.

आता मडकी आणत नाही, फळ्यावर काढते. पावलांचं सांगत नाही. तो धडा काढण्याआधी हजेरीपट चाळते, सलग चार-पाच दिवस कोण नव्हतं ते बघते, त्या पोराला आधी बाजूला घेऊन बोलते.

तरी गेल्या वर्षी एक मुलगी रडली. तिची हजेरी पूर्ण होती.