तुम्ही विचारलंत म्हणून: रंगाच्या जनुकाचं नाकात काय काम?

निपाणीला आले की कुणी ना कुणी विचारतंच. मामाच्या सोप्यात, लग्नाच्या पंगतीत, बेळगावच्या बसमध्ये शेजारी बसलेली ओळखीची बाईसुद्धा: ‘घरच्या पोरीचं सगळं ठाऊक असून तू उंदरांच्या नाकावर काम करतीस? त्या कोडावर काय तरी काढ की.’ इतके दिवस दोन वाक्यांत विषय मिटवत आले. आता नीट सांगते.

पहिलं म्हणजे ते कोड नाही. कोडात चांगल्या असलेल्या रंगपेशी पुढे कधीतरी नष्ट होतात. माझ्या मामेबहिणीच्या कपाळावरची पांढरी बट जन्मापासूनची आहे, कारण त्या जागी रंगपेशी मुळात टिकल्याच नाहीत. आणि कोड असतं तरी लपवण्यासारखं काय होतं? ‘कोड नाही’ असं ठासून सांगताना कोड असलेल्या माणसांना आपण मागे ढकलतो आहोत असं मला दर वेळी वाटतं, तरीही सांगावं लागतं.

तिचा उजवा कानही जन्मापासून बंद आहे. आतल्या कानातही रंगपेशी असतात. तिथे त्यांचं काम रंगाचं नाही. कानातल्या द्रवात पोटॅशियम आणि सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब राखण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्या नसल्या तर कान ऐकत नाही. वार्डनबर्ग या डच नेत्रतज्ज्ञाने १९५१ मध्ये केस, डोळे आणि कान यांची ही सांगड मांडली. बहिणीच्या तपासणीत मिट्फ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली निघाली. हे जनुक जे प्रथिन बनवतं ते दुसरी जनुकं चालू-बंद करतं, आणि त्याच्याशिवाय रंगपेशी घडतच नाही.

आता तिला बघायला पाहुणे आले त्या रविवारचं. चिकोडीकडचं स्थळ होतं. मामीने बट काळी करून विंचरून आत दाबली होती. बहिणीला अशी बसवली की पाहुणे तिच्या डाव्या बाजूला येतील. पोहे झाले, चहा आला, आणि मुलाच्या आत्याने विचारलं, ‘कानात काय दोष हाय काय?’ मामा म्हणाला, ‘ल्हानपणी ताप आल्ता.’ आत्याबाईंचा विश्वास बसलेला दिसला नाही. मग मामानेच माझ्याकडे हात केला, ‘ही शिकल्याली हाय, हिलाच विचारा.’ मी ताप म्हणाले नाही. जन्मापासूनचं आहे, संसर्गाचं नाही, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, असं सगळं सांगितलं. मुलगा शांत होता. त्याने एकच विचारलं: ‘मुलांना होईल का?’ प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मी म्हणाले, आणि झालंच तर किती, ते आधी सांगता येत नाही. कॅलेंडरच्या पाठीवर जनुकाच्या दोन प्रती काढून दाखवल्या. त्यांनी मान डोलावली, पान घेतलं, गाडी काढली. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला.

मामी म्हणाली, ‘तू शिकलीस खरं, पोरीचं काय?’ मामा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. बहीण मात्र रडली नाही. रात्री भांडी विसळताना ती म्हणाली, ‘प्रश्न मला होता. उत्तर तू दिलंस.’

यावर मी स्वतःशी पुष्कळ भांडले आहे. समोरचा माणूस मुलांबद्दल सरळ विचारत असताना खोटं बोलायचं? लग्नानंतर कळलं असतं तर तिच्यावर काय आलं असतं? हे मला आजही बरोबर वाटतं. आणि बहिणीचं म्हणणंही बरोबर वाटतं. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला येत नाही. तेव्हा मला वाटायचं की कारण नीट समजलं की लोकांची भीती जाते. त्या मुलाला कारण नीट समजलं होतं.

आता नाक. तुम्ही म्हणता मी घरच्या दुखण्यापासून पळाले. थोडं तसं असेलही. पण मी त्याच जनुकावर आहे. १९४२ मध्ये पाउला हर्टविग यांनी पांढरे, बारीक डोळ्यांचे उंदीर नोंदवले. त्यामागचं हेच मिट्फ जनुक १९९३ मध्ये हाती आलं. मधली सगळी वर्षं लोक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडे बघत होते. मेंदूच्या पुढच्या टोकाला खाली जो ऑलफॅक्टरी बल्ब असतो, त्यातल्या वास पुढे पोचवणाऱ्या मायट्रल आणि टफ्टेड पेशींतही मिट्फ चालू असतं. त्या पेशींत रंगाचा कणही नसतो. मग ते तिथे काय करतं?

आइसलँड विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये याचं उत्तर दिलं. वासाने पेशी फार चेतल्या की त्यांच्यात मिट्फ वाढतं आणि ते केसीएनडी३ हे जनुक चालवतं. त्यातून पोटॅशियमचं एक दार तयार होतं, जे पेशीला आवरतं. मिट्फ नसलेल्या उंदरांत हा पोटॅशियमचा प्रवाह कमी पडतो, पेशी उगाच भडकतात, आणि वास अंगवळणी पडण्याची त्यांची रीतही बदलते. निपाणीत उतरलेल्या परक्याला तंबाखूच्या वखारीजवळ ठसका लागतो, आणि तिथेच विड्या वळत बसलेल्या मावशीला वास येतच नाही. असं होण्याला बरीच कारणं आहेत, बल्बमधलं हे आवरणं त्यांतलं एक असू शकतं. मला ते उलगडायचं आहे. यातून पांढरी बट काळी होणार नाही. कान उघडणार नाही. हे मी मामीला तोंडावर सांगितलं आहे.

बहिणीच्या वासाबद्दलही कुणी विचारतं. ज्या उंदरांवर हे दिसलं त्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. तिची एक प्रत चांगली आहे. तेव्हा उंदरांचं तिला लावता येत नाही.

तिचा रिपोर्ट इंग्रजीत आहे. तिने तो मराठीत लिहून मागितला, स्वतःजवळ ठेवायला. कुणाला दाखवायचा ते ती ठरवणार आहे. मी कानाचं आधी लिहिलं, केसांचं नंतर, मुलांबद्दलची निम्मी शक्यता वेगळ्या कागदावर. तिने तो वेगळा कागदही मागून घेतला. नाकाबद्दल त्यात एक ओळही नाही.