त्रेत्याकोव्ह गॅलरी : लग्नघरात आलेल्या मांत्रिकासाठी एक दुपार

मॉस्कोत आमच्या हाताशी तीनच दिवस होते. त्यातली एक दुपार मी त्रेत्याकोव्ह गॅलरीला दिली, आणि त्यातलाही बराच वेळ एकाच चित्रापुढे गेला. वासिली माक्सीमोव्हचं १८७५ सालचं ‘शेतकऱ्याच्या लग्नात मांत्रिक येतो’.

रात्रीची वेळ. लाकडी घरात लग्नाची पंगत बसलेली, आणि दारातून तो आत आलाय. कोटावरचा बर्फ अजून वितळलेला नाही, डोक्यावरची टोपी तशीच. कोपऱ्यात देवाच्या तसबिरी असताना टोपी न काढणं हा केवढा उद्धटपणा! तरी कुणी ब्र काढत नाही. नवरानवरी उठून उभी राहिलीत. घरातलं वडीलधारं माणूस पाव आणि मीठ घेऊन त्याला सामोरं जातंय. मान द्यायचा, म्हणजे तो करणी करणार नाही. रुसलेला मांत्रिक अख्ख्या वऱ्हाडाचे लांडगे करतो, असं रशियन खेड्यांत मानत. नवरीला त्याची बाधा होऊ नये म्हणून तिच्या कपड्यांत सुया टोचत, कुठे कुठे अंगाला मासे धरायचं जाळंही गुंडाळत.

माक्सीमोव्ह स्वतः लादोगा सरोवराकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी भावाच्या लग्नात मांत्रिक आलेला त्याने पाहिला होता. म्हणूनच या चित्रात कुणाची टिंगल नाही. ती भीती त्याच्या घरातलीच होती. इथेच चित्रकार पेरोव्हचं १८६१ सालचं ईस्टरच्या मिरवणुकीचं चित्रही बघा. झिंगलेला पाद्री, म्हाताऱ्याच्या हातात उलटी धरलेली तसबीर. तेही जबरदस्त आहे, पण त्यात चित्रकाराचा संताप आधी दिसतो. मला माक्सीमोव्ह जास्त जवळचा वाटला.

आता जाणाऱ्यांसाठी. त्रेत्याकोव्हच्या एकाहून जास्त इमारती आहेत, आणि आम्ही आधी चुकीच्या इमारतीत पोचलो. तासभर तिथेच गेला. क्रिम्स्की वाल रस्त्यावरच्या इमारतीत विसाव्या शतकातली चित्रं आहेत. तुम्हाला लाव्रुशिन्स्की गल्लीतली जुनी इमारत हवी. मेट्रोचं स्टेशन त्रेत्याकोव्स्काया, तिथून पायी पाच-सात मिनिटं. सोमवारी बंद. तिकीट ऑनलाइन काढताना इमारतीचं नाव दोनदा वाचा. आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, त्यामुळे रोख रूबल जवळ असू द्या. जाड कोट आणि मोठी बॅग खाली जमा करावी लागते.

चित्रांच्या जागा बदलतात, तेव्हा दालन क्रमांकावर विसंबू नका. चित्राचा फोटो मोबाइलवर ठेवा, दालनात राखणीला बसलेल्या आजींना दाखवा आणि फक्त ‘माक्सीमोव्ह, कल्दून’ म्हणा. कल्दून म्हणजे मांत्रिक. आम्हाला तर एका आजी हाताला धरून थेट चित्रापर्यंत घेऊन गेल्या, आणि मग स्वतःही आमच्या शेजारी थोडा वेळ उभ्या राहिल्या.